पट्टी खोटी निघाली, विनू!

पुणे, रविवार रात्र

प्रिय विनू,

तुझ्या तीन फोनना उत्तर दिलं नाही. चिडला असशील; चीड, हक्कच आहे तुझा. पण फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसलोय.

गणपतीत तू विचारलं होतंस ना, "एवढीशी नळी आणि तीस हजार? असतं तरी काय त्यात?" असतात फक्त शंभर मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. त्यात उंदराच्या पेशींनी बनवलेली अँटीबॉडी, म्हणजे एका ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटणारं प्रथिन. माणसाच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, ते ही ओळखते. तांबड्या पेशी फुटल्या की बाहेर सांडलेलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन पकडतं आणि ती जोडी यकृतातल्या नि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात पेशी सतत फुटत असतात, त्यामुळे हे प्रथिन खर्ची पडत जातं. माझे नमुने त्याच रुग्णांचे.

आमची रीत अशी. प्लाझ्मातली, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातली, प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेनवर (पातळ पडद्यावर) उतरवायची, मग दूध पावडरच्या पाण्यात ती मेम्ब्रेन तासभर हलवत ठेवायची. (हो, चहाला घालतो ना, तीच साय काढलेली पावडर. रिकाम्या जागा दुधाने भरल्या की अँटीबॉडी भलतीकडे चिकटत नाही.) त्यानंतर ही महागडी प्रायमरी, म्हणजे पहिली अँटीबॉडी, पाच हजार पट पातळ करून. शेवटी बकरीपासून काढलेली सेकंडरी, म्हणजे दुसरी अँटीबॉडी. ती उंदराच्या अँटीबॉडीला धरते आणि तिच्यावर जोडलेल्या एन्झाइममुळे पट्टी उजळते.

हॅप्टोग्लोबिनच्या बीटा साखळीची पट्टी चाळीस किलोडाल्टनच्या (प्रथिनाचं वजन मोजायचं एकक) आसपास दिसायला हवी. निरोगी माणसांत ती ठळक दिसली, रुग्णांत फिकी, एक-दोघांत तर नाहीच. इथवर छान. पण प्रत्येक लेनमध्ये (एकेका नमुन्याच्या रांगेत) आणखी दोन पट्ट्या होत्या: पन्नासला आणि पंचवीसला. रुग्णांतही तितक्याच जाड! मला वाटलं, आजारातही टिकून राहणारं हॅप्टोग्लोबिनचं नवंच रूप सापडलं. झालं! आठवडाभर झोप नाही. पेपरचं शीर्षकसुद्धा मनात ठरलं होतं, तुला सांगायला लाज वाटते.

गाइड मॅडमनी त्या पट्ट्यांची फिल्म नीट पाहिलीही नाही. एवढंच म्हणाल्या, "प्रायमरी न घालता एक लेन केलीस का रे?" केली नव्हती. एक लेन वाया जाते म्हणून कंजूषपणा केला होता. त्या रात्री केली. डार्क रूमच्या तांबड्या दिव्यात फिल्म डेव्हलपरमध्ये हलवत उभा होतो आणि डोळ्यांदेखत पन्नास आणि पंचवीस हळूहळू उमटले. चाळीसच्या जागी काहीच नाही.

आमच्या बकरीताई उंदराची अँटीबॉडी धरता धरता माणसाची स्वतःची अँटीबॉडीही धरत होत्या. प्लाझ्मात तिचा सुकाळ असतो. तिची जड साखळी पन्नासची आणि हलकी पंचवीसची. पाठ्यपुस्तकात पहिल्या वर्षाला असतं हे! आता मानवी अँटीबॉडीला धरणारा भाग आधीच गाळून काढलेली सेकंडरी मागवलीय. ती येईपर्यंत हात बांधलेले.

दोन दिवस कँटीनमध्येही गेलो नाही. मग ऑलिव्हर स्मिथीज या शास्त्रज्ञाची गोष्ट आठवली आणि जरा हसू आलं. 1950च्या दशकात टोरंटोत त्याने बटाट्याच्या स्टार्चचं जेल केलं. लहानपणी आई कपड्यांना करायची ती खळ थंड झाली की थिजते, हे आठवून. त्यात आपलं आणि सोबतच्यांचं सीरम चालवलं तर पट्ट्या वेगवेगळ्या. गड्याला आधी वाटलं, हा स्त्री-पुरुषांतला फरक! पुढे आणखी नमुने घेतल्यावर कळलं की तो हॅप्टोग्लोबिनचा आनुवंशिक फरक आहे. त्याला 2007 साली नोबेल मिळालं, पण ते वेगळ्याच कामासाठी.

सेकंडरी येईस्तोवर गंमत म्हणून तसं एक जेल ओतून बघणार आहे. काकू साड्यांना खळ करायच्या ती तांदळाची की साबुदाण्याची? आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करायच्या? विचारून लगेच कळव. या वेळी फोन उचलतो.

तुझा,
बाळ्या