अर्ध्या अंशाचा हिशेब द्या : केंद्रीय भूविज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या जिल्ह्याच्या वेधशाळेतली लाकडी स्टीव्हन्सन पेटी, म्हणजे तापमापकाला ऊन लागू न देणारी झडपांची पेटी, गेल्या महिन्यात उखडली. जुना पाऱ्याचा तापमापक आणि नवा सेन्सर दोन वर्षं शेजारी ठेवू, असं लेखी आश्वासन होतं. एक दिवसही ठेवले नाहीत. विचारलं तर उत्तर आलं, 'नवीन उपकरण अधिक अचूक आहे.' असेल. पण जुन्यापेक्षा ते किती वर-खाली दाखवतं, हा आकडा आता कुणाकडेच नाही.

पारा सावकाश तापतो. सेन्सर झटकन तापतो, म्हणून क्षणभराची झळही कमाल तापमान म्हणून नोंदवून बसतो. वारा पडलेल्या दुपारी त्याचं प्लास्टिकच्या तबकड्यांचं कवचही तापतं. पेटीखाली गवत होतं, आता पेव्हर ब्लॉक. जागतिक हवामान संघटनेच्या पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वांत चांगल्या जागेच्या केंद्रात, उष्णतेचे स्रोत 100 मीटर दूर लागतात. इथे एसीचं गरम तोंड दहा पावलांवर! यात अर्धा अंश सहज सरकतो. आणि 1901 ते 2018 मध्ये अख्ख्या भारताचं सरासरी तापमान वाढलं सुमारे 0.7 अंश.

मे 2024 मध्ये नागपुरात सेन्सरने 56 दाखवले, दिल्लीच्या मुंगेशपूरला 52.9. अशक्य वाटले म्हणून तपासले गेले. अर्धा अंश कोण तपासणार?

'नोंदी संगणक दुरुस्त करतो' म्हणे. करतो ना, शेजारच्या केंद्रांशी फरक काढून. फरकात अचानक पायरी दिसली की ती काढून टाकतो. पण एकाच ठेक्यात, एकाच हंगामात सगळे शेजारी बदललेत, तर पायरी सगळीकडे एकदम येते आणि फरकात काहीच दिसत नाही. सगळेच चोर, तर साक्ष कोण देणार?

1850 पासूनच्या जागतिक तापमानाच्या मालिका अशाच नोंदींवर उभ्या आहेत. समुद्राचं पाणी बादलीने काढून मोजलं की इंजिन थंड करायला आत घेतलेलं, हे जहाजांनी धड लिहिलं नाही. तो घोळ शास्त्रज्ञ अनेक दशकं निस्तरत आहेत.

खर्च किती? एक पेटी आणि रोज साडेआठला पारा वाचणारा माणूस. पण त्याची निविदा निघत नाही, फीतही कापता येत नाही. उपग्रहाला हार, निरीक्षकाची जागा रिक्त! सगळा कारभारच असा.

जुना पारा आणि नवा सेन्सर शेजारी ठेवून दोन वर्षं जोडनोंदी घ्या. दार उत्तरेला, तापमापक सव्वा ते दोन मीटरवर, खाली गवत. बदलाची तारीख, सेन्सरचा क्रमांक आणि चारही दिशांचे फोटो नोंदवहीत लावा.

जुनी पेटी भंगाराच्या यादीत आहे. आधी तो लिलाव थांबवा.

आपला,
एक करदाता