आठवणी पुष्कळ छापल्या, आता वेळापत्रकही छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, जवळ आले की मराठी वृत्तपत्रांत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठीभाषक यहुदी, समाजाविषयी एखादा लेख हमखास येतो. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेले गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे आणि शेवटी ‘आता हा समाज मोजकाच उरला आहे’ असा उसासा, हा त्याचा ठरलेला साचा असतो. हे लेख आपुलकीने लिहिलेले असतात आणि ते वाचून शेजारीपाजारी आवर्जून चौकशी करतात, याचे समाधान आहेच. परंतु ज्या सणाच्या निमित्ताने लेख छापला, त्या सणाची प्रार्थना कोणत्या गावी आहे, किती वाजता आहे आणि तेथे पुरेशी माणसे जमणार आहेत की नाही, याबद्दल त्यात एक ओळही नसते. आमच्या आठवणींना जागा मिळते, आमच्या वेळापत्रकाला मिळत नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

यहुदी उपासनेतील एक नियम अनेक वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून तो आधी सांगतो. तेरा वर्षे पूर्ण झालेले किमान दहा पुरुष जमले तरच सामुदायिक प्रार्थना पूर्ण रीतीने होते. या दहांच्या जमावाला मिनियान म्हणतात. नऊ जण असले तर प्रत्येकाने आपापली प्रार्थना म्हणावी, शोफारही (मेंढ्याचे शिंग) फुंकता येतो. मात्र हेखाल (पवित्र कपाट) उघडून सेफर तोरा (धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) बाहेर काढणे, आशीर्वचनांसह त्याचे विधिवत वाचन करणे, दिवंगतांसाठी कद्दीश म्हणणे हे सारे थांबते. (या दहांत स्त्रियांची गणना व्हावी की नाही, हा स्वतंत्र आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. सुधारणावादी मंडळींनी तो आपल्यापुरता सोडवला आहे. आमच्या जुन्या प्रार्थनालयांत अद्याप परंपरागत रीतच चालते, म्हणून मी त्याच रीतीस धरून लिहीत आहे.) मुंबई आणि ठाण्यात सणासुदीला दहाचा आकडा गाठणे अवघड जात नाही. ठाण्याच्या १८७९ साली उभारलेल्या ‘शाआर हाशामाइम’मध्ये किंवा मुंबईत सात रस्त्याजवळच्या ‘मागेन हसिदीम’मध्ये किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या, दिवशी उशिरा येणाऱ्याला बसायला जागा शोधावी लागते. पुण्यातही रास्ता पेठेतील ‘सुक्काथ शेलोमो’ आहे, ‘लाल देऊळ’ या नावाने सर्वांना परिचित असलेले ‘ओहेल डेव्हिड’ आहे. अडचण आहे ती रायगड जिल्ह्यात, म्हणजे जेथून आम्ही सारे आलो तेथेच. रेवदंड्याचे ‘बेथ एल’ १८४२ सालचे, अलिबागच्या इस्रायल आळीतील ‘मागेन आबोथ’ १८४८ सालचे, पनवेलचे ‘बेथ एल’ १८४९ चे आणि पेणचे ‘बेथ हाएलोहिम’ १८६३ चे. पनवेल आता मुंबईच्या कक्षेत आले आहे, त्यामुळे तेथील गोष्ट वेगळी. बाकीच्या गावांत समाजाची घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि तेथील प्रार्थना बाहेरगावाहून कोण येते यावर अवलंबून असते.

बाहेरगावाहून माणसे येण्यासाठी त्यांना आधी कळावे लागते, आणि बरेच आधी कळावे लागते. ‘रविवारी या’ असे शुक्रवारी सांगून भागेल असे हे काम नाही. शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) आणि मोठ्या सणांच्या दिवशी नियम पाळणारा यहुदी वाहनाने प्रवास करत नाही. म्हणजे शनिवारी सकाळी अलिबागमध्ये दहा माणसे हवी असतील, तर ती शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी तेथे पोहोचलेली असली पाहिजेत, शनिवारी तारे दिसेपर्यंत त्यांची राहण्याची सोय चालत जाण्याच्या अंतरावर झालेली असली पाहिजे आणि त्यांचे जेवण आदल्या दिवशीच तयार असले पाहिजे. शनिवार-रविवारी अलिबागला खोली मिळवणे किती महाग पडते, हे मुंबईकर वाचकांना सांगायला नको. गावातील दोन-तीन घरांनी पाहुणे वाटून घेतले तर हे सहज जमते. पण घरमालकिणीला चार पाहुणे येणार की चौदा, हे आठवडाभर आधी कळायला हवे.

यंदा तर हे नियोजन अधिकच काळजीपूर्वक करावे लागणार आहे. हिब्रू पंचांग आपल्या पंचांगाप्रमाणेच चांद्र-सौर आहे, त्यामुळे आमच्या नववर्षाचा तिश्री महिना कधी भाद्रपदाच्या तर कधी आश्विनाच्या अंगाने येतो. गेल्या वर्षी नववर्ष घटस्थापनेच्या संध्याकाळी सुरू झाले होते. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, हिब्रू वर्ष ५७८७ शुक्रवार, ११ सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू होईल आणि रोश हशाना शनिवार-रविवारी, १२ व १३ सप्टेंबरला साजरा होईल. सोमवारी १४ तारखेला गणेश चतुर्थी आहे. ज्या शुक्रवारी आमच्या लोकांनी सूर्यास्तापूर्वी पेण, अलिबाग किंवा रेवदंड्याला पोहोचायचे, नेमक्या त्याच शुक्रवारी अर्धी मुंबई कोकणात निघालेली असेल. मुंबई-गोवा महामार्गाची त्या दिवशीची अवस्था ठाऊक असल्यामुळे माझी सर्व संबंधितांना विनंती आहे की, त्यांनी गुरुवारीच निघावे आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोने जायचे असल्यास आरक्षण आताच करावे. महामार्गावर अडकलेला दहावा माणूस सूर्यास्तानंतर पोहोचला, तर उरलेल्या नऊ जणांची संध्याकाळ वाट पाहण्यातच जाईल.

दुसरी एक बाब अशी की, यंदा रोश हशानाचा पहिला दिवस शब्बाथ असल्याने त्या दिवशी शोफार फुंकला जाणार नाही. तो रविवारी १३ तारखेलाच ऐकायला मिळेल. नोकरीमुळे किंवा प्रकृतीमुळे ज्यांना दोनपैकी एकाच दिवशी प्रार्थनालयात येणे शक्य आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे. विशेषतः वृद्धांना घेऊन येणाऱ्या मुलांनी ठेवावे, कारण शनिवारी दोन जिने चढून आलेल्या आजीला शोफार न ऐकताच परत जावे लागले तर तिची समजूत घालणे हज्जानांनाही (प्रार्थना चालवणाऱ्यांनाही) कठीण जाते.

योम किप्पूर, ज्याला आमची जुनी मंडळी दारफळणीचा सण म्हणत, रविवार, २० सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन सोमवारी २१ तारखेला रात्री संपेल. रविवारी सात दिवसांच्या गणपतींचे विसर्जन आहे. कोल निद्रे या किप्पूरच्या पहिल्या प्रार्थनेसाठी सूर्यास्तापूर्वी, म्हणजे साडेसहाच्या आत, पांढऱ्या कपड्यांत प्रार्थनालयात हजर राहायचे असते आणि नेमक्या त्याच सुमारास मुंबई-ठाण्यातील रस्त्यांवर मिरवणुका असतील. पुढच्या शुक्रवारी, २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी आणि सुक्कोथ या मांडवांच्या सणाची पहिली संध्याकाळ एकत्र आली आहेत. त्या दिवशी भायखळा, लालबाग, सात रस्ता या भागांतून संध्याकाळी वाहनाने वाट काढणे अशक्यच समजावे. यात तक्रारीचा सूर नाही. ढोल-ताशांचा आवाज खिडकीतून आत येत असताना उपवासाची प्रार्थना म्हणणे आमच्या वाडवडिलांनाही नवे नव्हते, आणि प्रार्थनालयाबाहेरून जाणाऱ्या मिरवणुकीत आमचे शेजारीच असतात. मागणी एवढीच आहे की, वाहतूक पोलिसांनी रस्ते बंद ठेवण्याच्या वेळा जाहीर करताना प्रार्थनालयांच्या विश्वस्तांनाही कळवावे आणि विश्वस्तांनी सणांच्या तारखा पोलिसांना आगाऊ लेखी द्याव्यात. प्रार्थनालयांना पोलीस संरक्षण असतेच, म्हणजे संपर्क आहे. त्या संपर्काचा उपयोग वाहतुकीच्या प्रश्नासाठीही व्हावा.

येथे आमच्याच लोकांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. वृत्तपत्रांना दोष देणे सोपे, पण कित्येक विश्वस्त मंडळे प्रार्थनेची सूचना सणाच्या दोन दिवस आधी काढतात, तीही व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटात आणि इंग्रजीत. ज्या सत्तरीच्या गृहस्थांची मिनियानसाठी सर्वांत जास्त भिस्त धरली जाते, ते त्या गटात नसतात आणि त्यांचे वाचन मराठीत असते. ज्या समाजाने १८४६ साली पेसाहचा (वल्हांडण सणाचा) हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, मुंबईत मराठीतून छापला, ज्याने एकोणिसाव्या शतकात तोरातील कथांवर मराठी कीर्तने रचली आणि स्वतःची मराठी नियतकालिके चालवली, त्याने प्रार्थनेची चार ओळींची सूचना मराठीत काढू नये, हे मला पटत नाही. प्रार्थना हिब्रूतच होईल. माणसे बोलावण्याचे काम मराठीतून होऊ द्या. २०१६ साली राज्य शासनाने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा विद्यार्थ्यांना आणि संस्थांना लाभ आहे. मिनियानचा दहावा माणूस मात्र आमचा आम्हालाच आणावा लागणार आहे.

माझी सूचना अशी आहे. रायगडातील सर्व प्रार्थनालयांनी प्रत्येक ठिकाणी प्रत्येक सण करण्याचा अट्टहास या वर्षापुरता बाजूला ठेवावा आणि आपसांत वाटणी करावी. रोश हशाना एका गावी, सुक्कोथचा मांडव दुसऱ्या गावी आणि सिम्हाथ तोरा, म्हणजे तोरावाचनाचे वर्षचक्र पूर्ण होण्याचा सण, जो शनिवार, ३ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होऊन रविवारी ४ तारखेला आहे, तिसऱ्या गावी, अशी पाळी लावल्यास सहा-सहा, सात-सात माणसांच्या तीन अपुऱ्या जमावांऐवजी एका ठिकाणी वीस माणसे जमतील. प्रत्येक गावाला वर्षातून किमान एकदा सेफर तोरा हेखालाबाहेर निघाल्याचे समाधान मिळेल. याला विरोध होईल, हे मी जाणतो. आपल्या आजोबांनी ज्या तेबाजवळ (वाचनाच्या चौथऱ्याजवळ) उभे राहून प्रार्थना म्हटली, तेथेच आपण किप्पूरचा दिवस घालवावा असे वाटणाऱ्यांची भावना खरी आहे. किप्पूरला म्हणूनच मी वाटणीतून वगळले आहे: त्या दिवशी ज्याला जेथे जायचे तेथे त्याने जावे आणि मिनियान झाला नाही तर एकट्याची प्रार्थना म्हणावी.

हिवाळ्यातील एका कार्यक्रमाचाही विचार आताच व्हायला हवा. अलिबागजवळच्या खंडाळे येथे एलियाहू हन्नाबींच्या (प्रेषित एलियांच्या) टाप्यावर, म्हणजे त्यांच्या खुणा मानल्या जाणाऱ्या खडकावर, तू बिश्वातच्या (झाडांच्या नववर्षाच्या) सुमारास समाजाची मंडळी जमतात, पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा होतो, नवस फेडले जातात, आणि सुट्टीला आलेली इस्रायलमधील मराठी कुटुंबेही त्यात सहभागी होतात. येत्या वर्षी तू बिश्वात २३ जानेवारी २०२७ रोजी, शनिवारी, येत आहे. शब्बाथला बस काढता येणार नाही. मग मंडळींनी रविवारी जमायचे की आधीच्या एखाद्या दिवशी, हे प्रत्येक गटाने स्वतंत्रपणे ठरवले तर ठाण्याची बस एका दिवशी आणि मुंबईची दुसऱ्या दिवशी पोहोचेल. लोद, अश्दोद, दिमोना येथून येणाऱ्यांना विमानाची तिकिटे काढायची असतात; त्यांना ही तारीख डिसेंबरात कळून उपयोग नाही. सुक्कोथच्या आठवड्यात विश्वस्तांनी एकत्र बसून एकच दिवस निश्चित करावा, अशी मी या पत्राद्वारे जाहीर विनंती करतो.

इतर समाजांतील वाचकांपैकी अनेकांना या प्रार्थना पाहण्याची इच्छा असते. त्यांचे स्वागतच होते. फक्त आधी विचारून यावे, ओळखपत्र जवळ ठेवावे, पुरुषांनी डोके झाकावे आणि शब्बाथ व सणाच्या दिवशी छायाचित्रे काढण्याचा आग्रह धरू नये. प्रार्थना संपल्यावर जवळचे लोक हात पुढे करून हातबोशी (हाताला हात लावून बोटे ओठांना लावण्याचे अभिवादन) करतील, तेव्हा गोंधळून न जाता आपणही हात द्यावा. काळ्या मनुकांचे किद्दूशचे (आशीर्वचन म्हणून दिले जाणारे) शरबत मिळाले तर नाही म्हणू नये.

आता आपल्याकडे मागणे. आपल्या दैनिकात ‘आज शहरात’ या धर्तीची सदरे असतात आणि त्यांत कीर्तने, प्रवचने, उरूस, चर्चमधील नोव्हेना यांच्या वेळा येतात. याच सदरात तिश्रीच्या तीन आठवड्यांत मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड आवृत्त्यांमध्ये प्रार्थनालयाचे नाव, गाव आणि वेळ एवढे तीन तपशील रोज छापले जावेत. सुरक्षेच्या कारणास्तव एखाद्या विश्वस्त मंडळाला वेळ जाहीर करणे योग्य वाटत नसेल तर त्यांचे नाव वगळावे आणि त्याविषयी निर्णय त्यांचाच असावा. विश्वस्त मंडळांनी आपली माहिती शुद्ध मराठीत, सणाच्या किमान पंधरा दिवस आधी आपल्या कार्यालयात पोहोचवावी. तिश्रीच्या आधीचा एलुल महिना सुरू झाला आहे, पहाटेच्या सलिहोथ (क्षमायाचनेच्या) प्रार्थना चालू आहेत, म्हणजे विश्वस्त रोज सकाळी एकमेकांना भेटत आहेत. तेव्हा पहिली यादी याच आठवड्यात आपल्याकडे येण्यास अडचण नसावी.

आपला,
एक बेने इस्रायली वाचक, ठाणे