सईला, श्टुटगार्टला

सातारा,
१२ ऑक्टोबर

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर नीट बोलणं होतच नाही. तू ड्यूटीवरून दमून आलेली असतेस, बाबांना तुझा चेहरा बघायचा असतो आणि मला जे सांगायचंय ते राहून जातं. म्हणून लिहायला बसले. सवडीनं वाच.

पत्त्याची नोंदणी झाली, बँकेत खातं निघालं, विम्याचं कार्ड आलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. टपालपेटीवर तुझं नाव चिकटवलंस ना? तिकडे पेटीवर नाव नसलं तर पत्र परत जातं, आणि तुझा कर क्रमांक टपालानंच यायचाय. निवास परवान्याचा अर्ज व्हिसाची मुदत संपायच्या आत गेला पाहिजे. भेटीची तारीख लांबची मिळाली तरी चालेल, पण अर्ज मुदतीत दे आणि त्याची पोच जपून ठेव.

आता तुझ्या कामाबद्दल, म्हणजे स्वयंसेवक म्हणून तू आजारी म्हाताऱ्यांची सेवा करतेस त्याबद्दल. परवा तू म्हणालीस, "आई, तिथल्या सिस्टर इतक्या भरभर बोलतात की अर्धं कळत नाही. मग मी नुसती मान हलवते." ते ऐकल्यापासून माझ्या मनातून जात नाही. पुण्यात क्लासला शिकलीस ती पुस्तकी जर्मन आणि तिथले म्हातारे बोलतात ती श्वाबियन, त्या भागातली बोली. सदाशिव पेठेतलं मराठी शिकून कुणी एकदम मालवणात उतरावं तसं तुझं झालंय. कळत नाही यात तुझा काहीच दोष नाही. पण सई, मान हलवू नकोस. आपल्याकडे मान हलवली की समोरचा ओळखतो, हिला कळलेलं दिसत नाही. तिकडे 'या', म्हणजे हो, म्हटलं की विषय संपला, आता हे काम ही करणार असं धरून ते पुढे जातात. आणि ती सूचना काय असेल? तीन नंबरच्या खोलीतल्या आजींना आज एकटं उठवायचं नाही. त्या आजोबांना साधं पाणी द्यायचं नाही. 'दास हाबे इश निश्ट फेरश्टांडन', मला समजलं नाही, हे सरळ म्हण. मग आपल्या शब्दांत परत सांगून बघ, 'म्हणजे मी असं असं करायचं, बरोबर?' सिव्हिलमध्ये माझ्या हाताखाली कितीतरी मुली शिकून गेल्या. सारखं विचारून डोकं खाणारीची मला कधी काळजी वाटली नाही. गप्प राहून कामाला लागणारीवर मात्र डोळा ठेवावा लागायचा.

भरवताना आजोबांना ठसका लागतो आणि तुझे हात थरथरतात म्हणालीस. लकव्यानंतर गिळायची ताकद कमी होते, म्हणून हे होतं. कुणाला काय आणि किती पातळ द्यायचं ते तिथल्या सिस्टरनीच ठरवायचं, पण भरवायची रीत माझ्याकडून ऐक. उभ्यानं भरवू नकोस. खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांसमोर बस. त्यांना ताठ बसव, हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती असते. अर्धा चमचाच घे. तो समोर धर, त्यांना बघू दे, काय आहे ते सांग, मग तोंडाशी ने. गळ्याकडे लक्ष ठेव, कंठ वर जाऊन खाली आला म्हणजे गिळलं. त्याआधी दुसरा चमचा नाही. मध्ये प्रश्न विचारून त्यांना बोलायला लावू नकोस. जेवण झालं की लगेच आडवं करायचं नाही, अर्धा तास तरी बसतं ठेवायचं. आवाज ओला, घुरघुरल्यासारखा येऊ लागला तर थांब आणि सिस्टरला हाक मार. आणि हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी सांग, आता मी तुमचा खांदा धरते. ऐकू येत नाही असं वाटलं तरी सांग.

गोळ्या देणं तुझं काम नाही, कुणी घाईत हातात दिल्या तरी नम्रपणे नाही म्हण. स्वयंसेवकानं मदत करायची, पगारी माणसाची जागा भरायची नाही, असं त्यांचा कायदाच सांगतो. तुझी ही सरकारी स्वयंसेवेची योजना, 'बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट', १ जुलै २०११ ला सुरू झाली. त्याच वर्षी त्यांनी सक्तीची लष्करी सेवा थांबवली. तोवर ज्या पोरांना बंदूक हातात घ्यायची नसायची ती त्याऐवजी हॉस्पिटलांत, वृद्धाश्रमांत राबायची. कितीतरी जर्मन पुरुष विशीत म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला शिकले, हे मला फार मोठं वाटतं. तुम्हाला वर्षाला २५ दिवस सेमिनार आहेत ना, त्यातला एकही बुडवू नकोस. तिथे तुझ्यासारखीच नवखी मुलं भेटतील, त्यांच्यासमोर मन मोकळं होईल.

एक सांगायचं राहिलं. आजींचा फोटो पाठवलास, गोड आहेत, पण यापुढे नको. त्या कुणाची तरी आई आहेत आणि आजारी आहेत. त्यांच्याबद्दल मला सांगायचं तरी नाव गाळून सांग.

जिन्याची पाटी तुझ्या दारावर लागली की तो आठवडा जिना झाडायचा तुझा, हे ऐकून बाबा खूश झाले. मनापासून झाड. शेजाऱ्यांशी ओळख त्यातूनच होईल. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी आणून ठेव. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं तासभर मागे जातील, म्हणजे आपल्यात साडेचार तासांचं अंतर पडेल. डिसेंबरात तिथे साडेचारलाच अंधार पडतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी उजेड असेपर्यंत बाहेर पड. गावाभोवती द्राक्षमळ्यांचे डोंगर आहेत, पायऱ्या आहेत. अजिंक्यताऱ्यावर पळत चढणाऱ्या पोरीला ते जड नाही. रडू आलं तर रड, पण जेवून रड.

दिवाळीचं पार्सल या आठवड्यात टाकते. चकली, पोह्यांचा चिवडा, गोडा मसाला, मेतकूट आणि कुळथाचं पीठ. कंदी पेढे आणि घरचं तूप मात्र येणार नाही. बाहेरच्या देशातून युरोपात टपालानं दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ४५ युरोपर्यंतच्या भेटवस्तूवर जकात लागत नाही, म्हणून यादी आणि किमती मी फॉर्मवर नीट लिहिणार आहे. तरी कस्टमची चिठ्ठी आलीच तर ती घेऊन वेळेत जा. चिवडा मऊ पडला तर कोरड्या कढईत मंद आचेवर परत.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, हिवाळ्याचे बूट घेतलेस का? नसतील तर पॉकेटमनीतून आधी ते घे, बाकी सगळं नंतर.