रस्त्याच्या चित्रातून भाजीची गाडी गायब

मा. संपादक,
स. न.

स्मार्ट सिटी योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. काय बांधले, किती खर्चले, याचा हिशेब निघतो. निर्णय कोणी घेतले, याचा निघत नाही. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांत पुणे दुसरे आले, तेव्हा लोकसहभागाचा मोठा गाजावाजा झाला होता. पुढे कारभार गेला कंपनी कायद्याखालच्या स्वतंत्र कंपनीकडे. सूचनांचे फॉर्म भरणारे आपण तिथवर पोहोचलोच नाही.

आमच्या भागातल्या एका रस्त्याच्या पुनर्रचनेची बैठक मी पाहिली आहे. कामाचा दिवस, सकाळी अकराची वेळ, सादरीकरण इंग्रजीत. पडद्यावर रुंद फूटपाथ, सायकलवाला, बाकावर लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी. तिथे रोज लागणाऱ्या भाजीच्या गाड्यांचा मात्र पत्ता नाही. मागच्या रांगेतल्या भाजीवालीने विचारले, "यात आमी कुटं?" "तुमचं नंतर बघू," असे उत्तर आले. गाडी शेजारणीच्या भरवशावर टाकून आलेली बाई किती वेळ थांबणार? ती गेली. दुकानदार संघटना तयारीनिशी आली होती, तिने पार्किंगची पट्टी पदरात पाडून घेतली. (दुकानदारांवर माझा राग नाही. त्यांना वेळ होता, वकील होता.) इतिवृत्तात नोंद झाली: सर्व घटकांशी चर्चा झाली.

सगळ्यांना बोलावले म्हणजे सगळ्यांचे वजन सारखे झाले, ही समजूत सोडायला हवी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने निदान ते ओळखले. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असे तो सांगतो. अध्यक्ष आयुक्तच असतात, आणि समित्या नीट चालवून घेण्यासाठी विक्रेत्यांना झगडावे लागते, हेही खरे. तरी तिथे त्यांना मत आहे. रस्ता, नदीकाठ, बाजारपेठ यांच्या प्रत्येक नव्या प्रयोगात, ज्यांचे पोट त्या जागेवर आहे त्यांना अशाच मताधिकारासह जागा राखून ठेवा.

बैठक संध्याकाळी त्याच रस्त्यावर घ्या, नकाशा आठवडाभर आधी मराठीत लावा. येणाऱ्याला बुडालेला रोज द्या. सल्लागार फुकट येत नाहीत, मग भाजीवालीनेच का यावे? यात वेळ जातो, अशी तक्रार होईल. आज तोच वेळ नंतर अतिक्रमण कारवाईत आणि कोर्टात जातो आहे.

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या सहीवर चालले. तेव्हा विचारायला नगरसेवकही नव्हता. म्हणून एक नियम तरी लगेच करावा: कोणाची कोणती सूचना कोणत्या कारणाने फेटाळली, हे निविदा निघण्याआधी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागले पाहिजे.

आपला,
एक वाचक, पुणे