चिखल चुकवू नका, मधूनच चला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरांत चालायला येणारे वाढतात. त्यांनी जरूर यावे. पण वाटेत रेंदा लागला की बूट भरू नयेत म्हणून लोक कडेने जातात. तिथले गवत तुटते, माती सुटते, पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो आणि दीड फुटाची पायवाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते.

बांबर गावच्या निरंकाराच्या देवराईसारख्या पाणथळ रानात तर हे अजिबात परवडणारे नाही. रानजायफळाच्या जातीतल्या झाडांची मुळे तिथे चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर येतात. पाणी भरलेल्या मातीत हवा नसते, ती ही मुळे वरून घेतात. त्यांवर पाय देऊन पलीकडे जाणे म्हणजे झाडाच्या नाकावर पाय देणे. या झाडांच्या बिया सुकल्या की मरतात, म्हणून ओल्यातच पटकन रुजतात. कडेने चालणाऱ्याच्या बुटाखाली नेमकी ती रोपे सापडतात.

चिखलातून चालताना चार-पाच फुटांची काठी आधी टेकवून खोली बघा, मग छोटे पाऊल टाका. पाय रुतला तर हिसका देऊ नका, बूट आतच राहतो. टाच हळूहळू हलवली की बाजूने पाणी शिरते आणि पकड सुटते. घट्ट नाडीचे बूट बरे. जीन्स नकोच, भिजली की जड होते. जळू चिकटली तर तिच्या तोंडाखाली नख सरकवून सोडवा. मीठ टाकू नका, ते व्हाळात, म्हणजे ओढ्यात उतरते, बेडकांना बाधते.

आयर्लंडमधल्या विक्लोच्या डोंगरांत दलदल तुडवली जाऊ नये म्हणून वाटेवर रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर टाकले आहेत. आपल्याकडे लाकूड वाळवी आणि पावसापुढे टिकणार नाही. पंचायत आणि वनखात्याने राईबाहेरच्या ओल्या वाटेवर जांभ्या दगडाचे चिरे पाऊलभर अंतराने बसवावेत. सलग मात्र नकोत: सलग रांगेचा बांध होतो, पाणी वर तुंबते आणि खालची राई कोरडी पडते. राईत चिरेही नकोत. तिथे बाहेरूनच दर्शन घ्यावे.

आपले,
काही डोंगरप्रेमी, वाळपई