रेक्टर व्हायला अमेरिकेत जायचं?

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

आत्यानं तुमच्याकडून विचारलेला प्रश्न मिळाला. सईला अमेरिकेत ‘स्टुडंट अफेअर्स’मध्ये मास्टर्स करायचंय, तर हे नेमकं आहे काय, आणि प्लॉट तारण ठेवून पाठवावं इतकं त्यात आहे का? बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, “रेक्टर व्हायला अमेरिकेत जायचं?” एवढं सगळं फोनवर सांगून होत नाही, म्हणून लिहिते. आत्याला वाचून दाखवा, आणि नंतर कागद सईच्या हातात द्या.

आधी उत्तर सांगून टाकते. असिस्टंटशिप (म्हणजे विद्यापीठातच काम करून त्या बदल्यात फी माफ) मिळाली तर जावं, नाही मिळाली तर प्लॉटला हात लावू नये. विद्यापीठाचं नाव, रँकिंग हे सगळं त्यानंतर.

तुम्ही रेक्टर म्हणालात ते काही अगदीच चूक नाही. आपल्या कोल्हापूरला तर हे काम समजावून सांगायची गरज नाही. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक बोर्डिंगं, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराच्या राहण्या-जेवणाची सोय लागल्याशिवाय तो वर्गात टिकत नाही, हे शाहू महाराजांनी तेव्हाच ओळखलं होतं. अमेरिकेत याच कामाचा वेगळा पेशा झाला. वसतिगृह, शिस्तीची प्रकरणं, विद्यार्थी मंडळं, अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी, करिअर मार्गदर्शन, पहिल्या वर्षाच्या मुलांचं ओरिएंटेशन हे सगळं तिथं प्राध्यापक बघत नाहीत, त्यासाठी शिकून आलेली वेगळी माणसं असतात. १९३७ साली अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशननं एक अहवाल काढून, कॉलेजनं विद्यार्थ्याचा नुसता अभ्यास न बघता सगळा माणूस बघावा, असं मांडलं. या क्षेत्रातले लोक अजून त्याचा दाखला देतात. आपल्याकडे हेच काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून पडतं, हे बाबांना मी सांगायला नको.

कोर्स दोन वर्षांचा, साधारण ३६ ते ४८ क्रेडिटचा, बहुतेक ठिकाणी शिक्षणशास्त्र विभागात. नावं वेगवेगळी असतात, कुठे ‘हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्स’, कुठे ‘कॉलेज स्टुडंट पर्सोनेल’. पदवीवर एम.एड. असलं की आत्या म्हणेल शिक्षिका होणार, पण आपल्या बी.एड.-एम.एड.शी याचा संबंध नाही. या क्षेत्रात ‘कॅस’ नावाची मानकं ठरवणारी संस्था आहे. तिच्या मते अशा कोर्समध्ये किमान ३०० तास देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम हवं, आणि तेही निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी. सईनं प्रत्येक विद्यापीठाला हे विचारावं. एकाच ऑफिसात दोन वर्षं बसवून प्रमाणपत्र देणारे कोर्सही आहेत.

वर्गात शिकवतात ते मुख्यतः विद्यार्थी घडतो कसा याचे सिद्धांत. चिकरिंगचे सात ‘व्हेक्टर’, म्हणजे विद्यार्थ्याच्या वाढीच्या सात दिशा (१९६९), ॲस्टिनचा सहभागाचा सिद्धांत (१९८४), मुलं कॉलेज का सोडतात यावरचं टिंटोचं काम. ऐकायला पुस्तकी वाटतं, पण टिंटो घ्या: त्याचं म्हणणं, मूल नुसतं मार्क कमी पडले म्हणून जात नाही, त्या जागेशी त्याचं जुळत नाही म्हणूनही जातं. गगनबावड्याहून आलेला मुलगा पहिल्याच सेमिस्टरला गाशा गुंडाळतो तेव्हा त्याला गणित जड गेलं की संध्याकाळी बोलायला कुणी नव्हतं, हे कुणीतरी विचारायला हवं असतं. मग संशोधन पद्धती, समुपदेशनाची प्राथमिक कौशल्यं, बजेट, आणि कायदा. कायद्याच्या पेपरात सईला धक्का बसणार. १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार कॉलेजातल्या विद्यार्थ्याचे मार्क त्याच्या लेखी संमतीशिवाय बापालाही सांगता येत नाहीत, थोडे अपवाद सोडून. बाप फोनवर कितीही ओरडला तरी. लिंगभेद आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी १९७२ चा ‘टायटल नाइन’, कॅम्पसवरचे गुन्हे जाहीर करण्यासाठी १९९० चा ‘क्लेरी’ कायदा. हे तिन्ही तोंडपाठ लागतात.

आता असिस्टंटशिप. कर्मवीर अण्णांची ‘कमवा आणि शिका’ समजा. आठवड्याला साधारण २० तास विद्यापीठातच काम, बदल्यात शिकवणी फी माफ आणि महिन्याला थोडा स्टायपेंड. सगळ्यात जास्त जागा वसतिगृहांत निघतात आणि तिथं बहुधा राहायला फ्लॅट आणि मेसचं जेवणही मिळतं. परक्या मुलखात हे फार मोठं आहे, आणि या क्षेत्रात नोकरी देणारे पदवीइतकंच या कामाकडे बघतात.

काम कसं असतं ते एका उदाहरणावरून सांगते. वसतिगृहात प्रत्येक मजल्यावर एक ‘आर.ए.’ म्हणजे थोडा सीनियर विद्यार्थी असतो आणि असिस्टंटशिपवरची मुलगी अशा दहा-बारा आर.ए.ना सांभाळते. ऑगस्टमध्ये त्यांच्या प्रशिक्षणात ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ नावाचा सराव असतो: जुने आर.ए. खोलीत दारूची पार्टी, रडणारी मुलगी, रूममेटचं भांडण असं नाटक करतात आणि नवा आर.ए. दार ठोठावतो. पुढे खरी घटना घडली की त्याच रात्री अहवाल लिहायचा. “मुलगा प्यायलेला होता” असं लिहिलं की अहवाल परत येतो, कारण तो लिहिणाऱ्याचा निष्कर्ष झाला. “डोळे लाल, बोलणं अडखळत होतं, टेबलावर बिअरचे तीन रिकामे कॅन, वेळ १ वाजून १० मिनिटं” असं लिहायचं. पुढे शिस्तीच्या सुनावणीत हाच कागद समोर येतो आणि तो विद्यार्थी स्वतः मागून वाचू शकतो. आपल्याकडच्या पंचनाम्याला हीच शिस्त असती तर किती भांडणं वाचली असती!

पैशात लोक फसतात ते इथं. ‘ट्युशन’ माफ म्हणजे सगळं माफ नव्हे. सेमिस्टरची इतर फी आणि आरोग्य विमा बऱ्याचदा वेगळा भरावा लागतो आणि ती रक्कम लहान नसते. करार नऊ-दहा महिन्यांचा असेल तर उन्हाळ्यात स्टायपेंड बंद, कधी कधी फ्लॅटही रिकामा करावा लागतो. शिवाय एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, म्हणून असिस्टंटशिपच्या वर कॅम्पसवर दुसरी पगारी नोकरी धरून हिशेब मांडू नये. आणि पहिला पगार उशिरा होतो, पगारासाठी लागणारा सरकारी ‘सोशल सिक्युरिटी नंबर’ यायला वेळ लागतो. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च हातात घेऊनच निघावं.

आणखी एक गोष्ट हमखास नडते. वसतिगृहातलं काम जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला चालू होतं, पण आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) सुरुवातीची तारीख ऑगस्टअखेरची असते आणि त्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी देशात शिरता येत नाही. करारातली तारीख मेलवर मागून घ्यायची आणि आय-२० त्याप्रमाणे द्या म्हणून आधीच सांगायचं. व्हिसाची मुलाखत मुंबईत, स्लॉट लवकर धरलेला बरा.

अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखती, आणि कोर्सचा प्रवेश व असिस्टंटशिप यांच्या मुलाखती अनेक ठिकाणी वेगवेगळ्या, म्हणजे प्रवेश मिळून असिस्टंटशिप न मिळणं सहज होतं. प्रवेशाचं पत्र आलं म्हणून पेढे वाटू नका. पैशाच्या ऑफरला उत्तर द्यायला बरीच विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. आधी कुणी घाई केली तर सईनं ही तारीख दाखवून नम्रपणे वेळ मागावा.

निबंधात “मला विद्यार्थ्यांची सेवा करायची आहे” असं प्रत्येकजण लिहितो. सईनं एन.एस.एस.च्या शिबिरात किती मुलं होती, जेवणाचं-पाण्याचं कुणी बघितलं, भांडण झालं तेव्हा तिनं काय केलं, हे लिहावं. शिफारसपत्रांतलं एक तरी एन.एस.एस. कार्यक्रम अधिकाऱ्याचं किंवा रेक्टरबाईंचं असावं. विभागप्रमुखांचं “मुलगी हुशार व शिस्तप्रिय आहे” छापाचं पत्र काही उपयोगाचं नाही.

पुढचं खरं सांगते, आत्याला आवडणार नाही. हा कोर्स ‘स्टेम’मध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांत, धरत नाहीत. त्यामुळे पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिनेच काम करता येतं, इंजिनिअरांसारखी वाढीव दोन वर्षं मिळत नाहीत. त्यातही एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. एक जमेची बाजू आहे: विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याची आणि लॉटरीची अट नाही. पण त्यासाठी विद्यापीठाची तयारी हवी आणि सुरुवातीच्या पदांना पुष्कळ विद्यापीठं नाही म्हणतात. परत आली तर खासगी निवासी विद्यापीठांत अशा जागा असतात. सरकारी अनुदानित कॉलेजात या शिक्षणाला वेगळं पद नाही. म्हणूनच कर्ज काढून हा कोर्स करायला माझा विरोध आहे. पगार बेताचेच, हप्ते फिटायला वर्षं जातील.

सईला म्हणावं पाच-सहा विद्यापीठं निवड, आणि प्रत्येकाला एकच मेल कर: परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना गेल्या वर्षी असिस्टंटशिप मिळाली, त्यात विमा-फी धरली आहे का, उन्हाळ्यात काय, आणि तीन वर्षांची पदवी चालते का. आलेली उत्तरं मला पाठव म्हणावं, मी बघून सांगेन.

आई, गुडघ्यासाठी दिलेले व्यायाम सोडू नकोस. आत्याला नमस्कार.

तुमची,
मधुरा

ता. क. – शिवाजी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या मार्कांचा अधिकृत उतारा) काढायला सईनं दिवाळीआधीच अर्ज करावा, आणि सीलबंद पाकिटं दोन जास्तीची मागावीत.