दिगूस, मोन्झेन-नाकाचोहून

टोकियो, १६ नोव्हेंबर २०२५, रविवार रात्र

प्रिय दिगू,

सात महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. दिवाळीला आकाशकंदिलाचा फोटो पाठवला आणि त्यावर भागवलं. तू रागावला असशील, आणि ते रास्त आहे. तब्येत ठीक, साखर काठावर, गोळी एकच. मंजू बरी, पोरगं माझ्यापेक्षा उंच झालंय. आता ज्यासाठी झोप सोडून बसलोय ते सांगतो.

काल रात्री ताइशोनं, म्हणजे दुकानाच्या म्हाताऱ्या मालकानं, गाळणी माझ्या हातात दिली.

हे मंजूला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं मग? पण तू रश्श्याच्या पातेल्यापाशी वाढलायस. आक्कांनी पहिल्यांदा तुझ्या हातात पळी दिली तो दिवस तू हॉस्टेलच्या गच्चीवर किती वेळा सांगितलास! आपला रखवालदार डबल-डेकर खाली शिट्टी मारत फिरायचा आणि तू वर हवेत पळी फिरवून कट कसा वर आणायचा ते दाखवायचास. म्हणून हे तुलाच.

शनिवारी मी मोन्झेन-नाकाचोला त्या म्हाताऱ्याच्या याकितोरीच्या, म्हणजे शिगांवर भाजलेल्या कोंबडीच्या, दुकानात जातो, एवढं तुला माहीत आहे. घराजवळच्या निशी-कासाईहून तोझाई लाइननं गाडीत बसलं की थोड्याच वेळात येतं. आठ खुर्च्या, मागं फुकागावाचं फुदो देऊळ. तिथं रोज अग्नी पेटवून ढोलाच्या गजरात पूजा होते, तिला गोमा म्हणतात. शब्द आपल्याच होमावरून गेलेला. महिन्याच्या १, १५ आणि २८ तारखेला देवळाची जत्रा असते. काल १५ होती, त्यामुळे गर्दी मरणाची. ढोल ऐकत मी कोळसा लावत होतो.

तो कोळसा तू एकदा बघायला हवास, भावा. बिन्चोतान. वाकायामाकडच्या उबामे ओकच्या लाकडाचा. भट्टीत शेवटी हजार अंशांच्या वर तापवतात, लालभडक असतानाच बाहेर ओढतात आणि ओलसर राख-मातीत पुरून विझवतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणतात, पितळी भांड्यासारखे. पेटायला जीव खातो, पण पेटला की ना ज्वाळ ना धूर. आच कमीजास्त करायची ती तुकडे सरकवून आणि पंख्यानं. वर जाळी नसते, लोखंडाच्या दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर शिगा आडव्या. बांबूचं टोक हातात राहतं, मांस तेवढं विस्तवावर.

पहिलं वर्षभर मी नुसत्या शिगा ओवल्या. दोन वर्षांपूर्वी ओकामी-सान, म्हणजे ताइशोची बायको, आजारी पडली आणि मी गिऱ्हाईक होतो तो पलीकडं जाऊन उभा राहिलो, तेव्हापासून. वाटतं तेवढं सोपं नाही. मांडीचे तुकडे मांसाच्या धाग्याला आडवे धरून शिवल्यासारखे ओवायचे, नाहीतर काडी फिरवली की मांस जागच्या जागी गरगर फिरतं आणि एकच बाजू करपते. हाताकडं लहान तुकडा, टोकाकडं मोठा, कारण टोकाला आच जास्त आणि पहिला घासही तिथलाच. इकडं म्हण आहे, ओवायला तीन वर्षं, भाजायला सारा जन्म. माझी तर ओवायचीही तीन पुरी झालेली नाहीत.

आणि मग तारे. तारे म्हणजे शिगांना चढवायचा तो काळपट तांबूस पाक. शोयू (सोया सॉस) आणि मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू) सारख्याच मापानं, थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, झारामे नावाची जाड दाण्याची साखर, भाजलेली कोंबडीची हाडं आणि कांद्याच्या जाड पातीचे करपवलेले शेंडे. मंद आचेवर आटवायचं, पण एकतारी होऊ द्यायचं नाही. तार आली की संपलं, विस्तवावर त्याचा गूळ होतो. चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली तर रेघ राहावी, एवढंच. घट्टपणा मांसावर यायचा असतो, भांड्यात नाही.

भाजताना आधी शीग कोरीच भाजायची, बारा आणे शिजेपर्यंत. मग मडक्यात बुडवायची, झटकायची, परत विस्तवावर. पाकाला बुडबुडे येतात, कडा काळ्या व्हायला लागतात, की उचलून परत बुडवायची. असं दोनतीनदा. प्रत्येक बुडीला कोंबडीची थोडी चरबी मडक्यात उतरते आणि मडकं आणखी चविष्ट होतं. तिसऱ्या वेळेला मांसावर झळाळी येते, तिला तेरी म्हणतात. सुरुवातीला घाईनं मी आधीच बुडवायचो. साखर जळायची आणि आत मांस गुलाबी. ताइशो काही बोलायचा नाही, ती शीग स्वतः खायचा आणि माझ्याकडं बघायचा. तुझे अण्णा बघायचे तसं.

ते मडकं १९८१ चं आहे. दुकान उघडलं तेव्हा केलेला पाक संपूच दिलेला नाही. रोज रात्री उकळायचा, गाळायचा, जेवढा गेला तेवढा नवा घालायचा. आक्कांचं विरजण कसं, रंकाळ्याच्या घरातून नव्या घरात मांडीवर धरून नेलं होतं, तसं. ते उकळणं-गाळणं ताइशो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ओकामी-सानलासुद्धा नाही, आणि ती तर आता नाहीच, जानेवारीत गेली. काल गिऱ्हाईक उठलं, मी पट्ट्या घासत होतो. त्यानं मडकं माझ्या बाजूला सरकवलं, गाळणी दिली आणि स्टुलावर बसला. मी गाळलं. शोयूच्या वासाची गरम वाफ तोंडावर आली, गाळणीत कांद्याच्या काळ्या चिंध्या आणि हाडाचा बारीक चुरा राहिला. तो म्हणाला, मार्चपर्यंत मी उभा राहीन. पुढं तू घे, नाहीतर बंद. वर्ष संपायच्या आत सांग.

एवढंच. मग त्यानं मला बिअर ओतून दिली.

पण मिरचीचं सांगायचं राहिलं, आणि त्यात तू आहेस. इथल्या चवीला अमाकारा म्हणतात. अमा म्हणजे गोड. कारा म्हणजे तिखट असं मी कितीतरी वर्षं समजत होतो आणि तिखट काही लागायचं नाही. मग कळलं की कारा खारटालाही म्हणतात. गोड-खारट, बस. वरून हवी तर शिचिमी भुरभुरायची, सात जिनसांची पूड, मिरची, संत्र्याची साल, तीळ, सान्शो नावाची जपानी मिरी वगैरे. चांगली असते, पण जिभेला चाटून जाते. घशाला लागत नाही.

तर जूनमध्ये ताइशोनं मला एक लहान भांडं दिलं आणि म्हणाला, तुझा तारे तू कर, माझ्या मडक्याला हात लावू नकोस. मी तू पाठवलेला गूळ काढला. झारामेच्या जागी निम्मा गूळ. आणि संकेश्वरी मिरचीची पूड, दोन चमचे. दिगू, पहिली शीग बुडवून विस्तवावर ठेवली, पाक निखाऱ्यावर ठिबकला आणि दुकानभर ठसका! आठच्या आठ गिऱ्हाइकं खोकत रस्त्यावर. ताइशोच्या डोळ्यांतून पाणी. मी सगळ्यांना वाकून माफी मागत होतो आणि मनात तुझी आक्का ओरडत होती, "पूड जळती रं, पूड घालू नगंस!"

आक्कांचंच खरं. तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात आणि दारूत उतरतो. तुमचा कट लाल का तरंगतो, त्याचं हेच कारण, फक्त आक्कांना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. मग मी अख्ख्या मिरच्या, देठ आणि बी काढून, रात्रभर साकेत भिजवल्या. सकाळी मिरिन घालून ते गरम केलं, मिरच्या गाळून टाकल्या आणि त्या लालसर पाण्यात शोयू आणि गूळ. पूड नाही, जळायला काही नाही. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून शेवटच्या दोनच बुड्या. आधी गोड लागतं, मग मांस, मग घास गिळल्यावर मागून मिरची येते आणि राहते. नाक ओलं होतं, डोळे नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे एक आजोबा आहेत, नुसतं मीठ लावलेलंच खातात, तारेला शिवत नाहीत. त्यांना ताइशोनं न विचारता माझी एक ठेवली. त्यांनी खाल्ली, काडी डब्यात टाकली आणि म्हणाले, मो इप्पोन. आणखी एक.

भाजीत गूळ घालणारं घर म्हणून तू मला किती छळलंस! माझ्या आईच्या आमटीला तू सरबत म्हणालास आणि आई महिनाभर तुझ्याशी धड बोलली नाही. तर मर्दा, त्या भांड्यात आमचा गूळ आणि तुमची मिरची एकत्र नांदतायत आणि टोकियोतला म्हातारा दुसरी मागतोय. त्या रात्री तुला फोन करायला हवा होता. केला नाही, आणि का नाही तेच आता लिहितो.

२०११ साली मी सुट्टीवर आलो होतो. तू पुण्याची नोकरी सोडून तुमच्या घरच्या खाणावळीत बसणार म्हणालास. रंकाळ्यावर मी तुला जे बोललो ते तुझ्या लक्षात आहे, परत लिहीत नाही. दोन वर्षं आपण बोललो नाही त्यावरून. पण पुढचं तुला माहीत नाही. त्याच रात्री मी अण्णांना फोन केला. इंजिनिअर पोरगा पंगती वाढणार, लोक तुम्हाला काय म्हणतील, हे मी त्यांना म्हणालो. अण्णांनी तुला आठ महिने चुलीपाशी येऊ दिलं नाही. तू आजवर समजतोस की तुझ्या दादानं कान भरले. दादानं नाही, दिगू. मी. दादाशी तुझं तुटलं ते त्यापायी, आणि मी लांबून बघत राहिलो. अण्णा गेले तेव्हा तेराव्याला तुझ्या शेजारी बसून जेवलो, तेव्हाही तोंड उघडलं नाही.

माफ कर, एवढंच म्हणता येतं. दादाला मी स्वतः फोन करून सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं.

आणि हे आज का, तर मला तुला एक विचारायचंय आणि हे पोटात ठेवून विचारता येत नाही. माझं वय ४७. निशी-कासाईच्या घराचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत. व्हिसाची आडकाठी नाही, कायमच्या वास्तव्याचा कागद आहे. परवान्याचंही अवघड नाही, आरोग्य खात्याची मंजुरी आणि एका दिवसाचा स्वच्छतेचा वर्ग. अवघड ते वेगळंच. मंजूला अजून सांगितलेलं नाही. रंकाळ्यावर मी जे तुला बोललो, तेच ती मला बोलेल, आणि तिचं प्रत्येक वाक्य मला आधीपासून पाठ आहे. आणि ते मडकं. चव्वेचाळीस वर्षांचं, एका रात्री माझ्या हातून करपलं तर? काल गाळताना हात कापत होते. अण्णांनी शेवटी तुला पातेल्यापाशी उभं केलं, त्या दिवशी तुझे कापले होते का? आणि घरी आल्यावर वहिनींना काय सांगितलंस? पहिल्या वर्षी पैसे किती कमी पडले, खरा आकडा सांग. पश्चात्ताप झाला का, कधी, किती दिवस टिकला? मला धीर देऊ नकोस. जे झालं ते सांग.

सईची बारावी यंदा ना? तिला सांग, काकानं पेन घेऊन ठेवलंय. वहिनींचा गुडघा कसा आहे? पावसात मागच्या शेडचा पत्रा उडाला म्हणे, मामी म्हणाल्या. बसवलास का नवा?

दुपारची पंगत आटपून तू साडेतीनला कट्ट्यावर टेकतोस, तेव्हा इथं सात वाजलेले असतात. कुठल्याही दिवशी कर. शनिवारी नको, शनिवारी मी विस्तवापाशी असतो. आणि हे वाचून बोलावंसं वाटलं नाही, तर वेळ घे. मी थांबेन.

आक्कांना नमस्कार. पुडीचं त्यांना सांग.

तुझा,
बंडू

ता. क. संकेश्वरी संपत आली. दादाचा विषय मिटल्यावर, मनात असेल तर, अर्धा किलो पाठव. देठासकट.